तिसऱ्या खांबाची वही

"मगदूमसाहेब शिस्तीला कठोर, पण मनाने लोण्यासारखे मऊ. मलकापूरच्या वाटेवरील आमच्या पुलाच्या एका खांबाविषयी त्यांनी आरंभी काही शंका उपस्थित केल्या होत्या. मात्र जनतेची अडचण ध्यानी येताच त्यांनी मोठ्या मनाने त्या मागे घेतल्या आणि स्वतः सही करून तो खांब मान्य केला. असा समंजस अभियंता पुन्हा होणे नाही. त्यांच्या चितेला अग्नी दिला गेला, तेव्हा आम्हा साऱ्यांचे डोळे पाणावले…"

याच पुरवणीत तीन आठवड्यांपूर्वी कंत्राटदार बाबासाहेब खोत यांनी कै. शिवगोंडा मगदूम यांच्याविषयी जो मजकूर लिहिला, त्यातला हा उतारा आहे. मी तो चार वेळा वाचला. पहिल्या वाचनात राग आला, दुसऱ्यात हसू आले, तिसऱ्यात खोतांच्या धाडसाचे कौतुक वाटले आणि चौथ्या वाचनात त्या लोण्याखाली काय दडवले आहे ते दिसले. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते पाडायला सर्वांत सोपे आहे. मगदूम लिंगायत होते. त्यांना चिता नव्हती, अग्नी नव्हता. हुपरीजवळच्या त्यांच्या शेतात, वडिलांच्या समाधीशेजारी त्यांना बसत्या स्थितीत माती दिली गेली. मी तिथे होतो. गुडघे साथ देत नसताना बांधावरून चालत गेलो होतो. खोत तिथे नव्हते. जो माणूस अंत्यविधीला न जाता पाणावलेल्या डोळ्यांचे वर्णन लिहू शकतो, त्याने वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका सहीविषयी काय लिहिले असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

मगदूम गेले त्याला आज पाच आठवडे झाले. त्यांचा मुलगा महांतेश याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच." मी "कधी" म्हणून विचारले आणि त्यानंतर माझ्या तोंडून एक प्रश्न निघाला, जो दुःखाच्या प्रसंगी कोणी विचारू नये. "गच्चीवरचे कोअर आहेत ना जागेवर?" तो म्हणाला, "आहेत की काका. त्यांना कोण हलवतंय…" मी साबण लावलेल्या चेहऱ्याने तसाच स्टुलावर बसून राहिलो.

ते कोअर काय, हे यथावकाश सांगतो. त्याआधी शोकसभेचा हिशेब चुकता केला पाहिजे. त्या सभेत एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी मगदूमांना "क्यूबचे जादूगार" अशी पदवी बहाल केली. टाळ्या पडल्या. मला उठून बाहेर जावेसे वाटले. ज्या गोष्टीची मगदूमांना आयुष्यभर चीड होती, तीच त्यांच्या फोटोखाली फुलांसारखी वाहिली गेली. सामान्य वाचकांसाठी सांगतो : कामावर ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटमधून थोडे काढून लोखंडी साच्यात वीतभर लांबी-रुंदीचे ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणतात. अठ्ठावीस दिवस ते टाकीतल्या पाण्यात ठेवतात आणि मग यंत्रात दाबून फोडतात. किती वजनाला फुटला, त्यावर काम पास की नापास ठरते. पद्धत वाईट नाही. पण आमच्याकडे काय होते? साहेब यायच्या दिवशी क्यूबसाठी सिमेंट हात सैल सोडून पडते. क्यूबला हॉटेलातल्या पाहुण्यासारखे पाण्यात झोपवतात आणि ज्या खांबासाठी हा सारा खटाटोप, त्याच्यावर चार बारदाने टाकून कोणीतरी दिवसाकाठी दोन बादल्या पाणी फेकतो. मगदूम म्हणायचे, "साहेब, क्यूब पाण्यात झोपलेलं असतंय. खांब उन्हात उभा हाय. दोघांचं जातक एक कसं यायचं?"

त्यांचे सारे शास्त्र या एका प्रश्नात होते. काँक्रीट किती भार उचलते हे आज कळते. ते किती वर्षे टिकेल हे आज कळत नाही, त्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. सळीवर काँक्रीटचे आवरण किती बोटे आहे? त्यातून पाणी किती वेगाने आत जाते? मिसळताना पाणी किती घातले? किती दिवस ओले ठेवले? काँक्रीटमध्ये जात्याच एक क्षार असतो आणि तो आहे तोवर आतली सळी गंजत नाही. हवा आणि पाऊस वर्षानुवर्षे आत झिरपून तो क्षार मारत मारत सळीपर्यंत पोहोचतात. पोहोचायला आठ वर्षे लागतील की ऐंशी, हे सळीवरचे दोन-चार बोटे काँक्रीट ठरवते. मगदूम आमच्या बांधकाम खात्यात गुणनियंत्रणाचे काम पाहू लागले, तेव्हा निविदेतल्या अटींमध्ये हे सारे प्रश्न त्यांनी स्वतः लिहून घातले. त्या अटींची आमच्या कचेरीत थट्टा व्हायची. एका वरिष्ठाने तर विचारले होते, "मगदूम, पूल बांधायचाय का पोरीचं लग्न ठरवायचंय? किती चौकशा!" मगदूम म्हणाले, "पोरगी परत माहेरी येती, साहेब. पूल येत न्हाय."

ही नजर त्यांना कुठल्या महाविद्यालयाने दिलेली नव्हती, हेही प्राध्यापकांना सांगितले पाहिजे. त्यांचे वडील हुपरीत घरच्या घरी चांदीचे पैंजण घडवायचे. मगदूम त्यांना अप्पा म्हणत. दुकानदार माल घ्यायला आला की चकाकी पाहायचा. अप्पा मात्र दुसऱ्याकडून आलेला पैंजण हातात घेतला की सरळ एक कडी कापायचे आणि सांधा पाहायचे. डाख, म्हणजे सांधा जोडायचा हलका धातू, जास्त घातलेला असला की कडी काळपट तुटते. अप्पांचे बोलणे अर्धे कानडी, अर्धे मराठी. मगदूम त्याची नक्कल छान करायचे. अप्पा म्हणायचे, पॉलिश सगळ्यांनाच करता येते, माझ्यासमोर कापून दाखवा. मगदूमांनी पुढे पस्तीस वर्षे काँक्रीटच्या बाबतीत दुसरे काही केले नाही. त्यांना लोक कठोर म्हणायचे. ते कठोर नव्हते, ते फक्त कापून पाहायचे. आणि ज्यांनी आत डाख भरलेला असतो, त्यांना कापून पाहणारा माणूस कठोर वाटतोच.

आता त्या पुलाकडे येतो. मलकापूरच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधून वाहणाऱ्या एका ओढ्यावर चार खांबांचा पूल बांधायचा होता. पावसाळ्यात पलीकडच्या वाड्या चार-चार दिवस तुटायच्या. काम खोतांकडे होते. उन्हाळ्यात ओढा आटला म्हणून पाणी टँकरने आणायचे ठरले आणि खोतांच्या मुकादमाने एक टँकर भाड्याने आणला. इथे जे घडले ते आमच्या जिल्ह्यातच घडू शकते. तो टँकर हंगामभर साखर कारखान्यातून मळी वाहत होता. गाळप थांबले, टँकर मोकळा झाला, स्वस्तात मिळाला. दोनदा धुतला म्हणे. मळी म्हणजे उसाचा काळा, चिकट पाक. दोनदा धुऊन तो टँकरच्या कोपऱ्या-सांध्यांतून जात नाही. आणि साखरेची एक खोडी असते : सिमेंटच्या पाण्यात ती चिमूटभर जरी गेली, तरी सिमेंट घट्ट व्हायचे विसरते.

तिसरा खांब ओतला. दुसऱ्या दिवशी खिळा आत गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. मुकादम म्हणाला, थंडी. चैत्रात! मगदूमांना कळवले गेले ते तिसऱ्या दिवशी दुपारी, तेही एका गवंड्याने गुपचूप. ते आले, खांबाकडे पाहिलेसुद्धा नाही, सरळ टँकरकडे गेले. नळ सोडला, बोट ओले केले आणि जिभेला लावले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "पावणं, तुमच्यात चहाला साखर घालत न्हाईत वाटतं?"

"धुतलाय की साहेब! दोन डाव पाणी मारलंय."

"व्हय की. निविदेत लिहिलंय पाणी पिण्याजोगं पायजे. मी पिऊन बघितलं, पिण्याजोगं हाय. फक्त चहात घाल."

सगळे हसले. मुकादमसुद्धा हसला. हसण्याचा प्रसंग तेवढ्यावर संपला. कारण खोतांना त्याच सेंट्रिंगचे पत्रे चौथ्या खांबासाठी हवे होते आणि त्यांच्या माणसांनी ते त्याच संध्याकाळी, मगदूमांची पाठ वळताच, काँक्रीट ओले असताना सोडवले. पत्र्याबरोबर खांबाची कातडीही जागोजाग निघून आली. वर पाणी मारले तर आणखी धुऊन निघेल म्हणून पाणीही मारले नाही. कोवळे काँक्रीट आठ दिवस उन्हात तापले. मग सिमेंटचा घोल करून खांबाला असा गुळगुळीत गिलावा दिला की लग्नाच्या मांडवात उभा करावा. पॉलिश. मगदूम त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत, असे त्यांच्या पत्नीने, पार्वतीवहिनींनी, मला नंतर सांगितले.

अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फुटले. पास झाले! यात कसलाही चमत्कार नव्हता. साखर सिमेंटला मारत नाही, फक्त उशीर करते. ज्याला तेवढा वेळ साच्यात ठेवले आणि मग पाण्यात झोपवले, तो क्यूब उशिरा का होईना, शहाणा होतो. खांबाला तो वेळ कोणी दिला नव्हता. पण खोतांच्या हातात कागद होता आणि ते तो झेंड्यासारखा फडकावत फिरत होते.

मगदूमांनी वाद घातला नाही. शाहूवाडीच्या एका दवाखान्यातून त्यांनी सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. एक दुसऱ्या खांबाला बांधली, एक तिसऱ्याला. नळीचे तोंड मेणाने काँक्रीटवर घट्ट बसवले आणि दोन्हीत सारखे पाणी भरले. मग छत्री उघडून दगडावर बसले. वाटेने जाणारे लोक थांबू लागले. पेरणीसाठी भाताचे बियाणे घेऊन निघालेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, खांबाला सलाईन लावलंय. ताप आलाय व्हय रं ह्येला?" मगदूम म्हणाले, "एकाला आलाय मावशी. कुणाला, ते सांजच्याला सांगतो." दुसऱ्या खांबाची बाटली दिवस मावळतानाही जवळजवळ भरलेली होती. तिसऱ्याची दुपारच्या जेवणाआधी रिकामी झाली. ते पाणी कुठे गेले? त्या गुळगुळीत गिलाव्याच्या आत, जिथे सळी होती. म्हातारी संध्याकाळी परतताना मुद्दाम थांबली, दोन्ही बाटल्या निरखल्या आणि म्हणाली, "ह्यो तिसरा न्हाय जगायचा."

शिक्षण नसलेल्या त्या बाईला जे पाहताक्षणी समजले, ते त्यानंतर चार दिवसांनी भरलेल्या बैठकीत शिकलेल्या माणसांना समजले नाही. समजून घ्यायचे नव्हते. मी त्या खोलीत होतो, म्हणून सांगतो. खोतांनी क्यूबचा कागद मांडला. मगदूमांनी टेबलावर दोन कोअर ठेवले. हिऱ्याच्या दातांचे यंत्र लावून खांबातून हातभर लांबीचा, मुठीत न मावणारा दंडगोल काढतात, तो कोअर. एक दुसऱ्या खांबाचा, एक तिसऱ्याचा. मगदूम म्हणाले, "खांब तोडा. नवीन ओता. दीड म्हैन्याचं काम हाय." खोत म्हणाले, "अहो मगदूमसाहेब, पाऊस दीड महिन्यावर आलाय. वाड्यांवरच्या पोरांनी यंदा पण शाळा बुडवायची का?" पोरांच्या शाळेची खोतांना त्या दिवसाआधी किंवा नंतर कधी काळजी वाटल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

खोत यांच्याविषयी मी याहून जास्त लिहिणार नाही. कंत्राटदाराने आपला माल खपवावा, यात नवल काय? माझा राग मंजुरीचा अधिकार ज्याच्या हातात होता, त्या अधिकाऱ्यावर आहे. तो शिकलेला होता. सलाईनच्या बाटल्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या. मगदूम काय म्हणतात ते त्याला अक्षरन् अक्षर कळत होते, खोतांना कळत होते त्याहून कितीतरी जास्त. पण उद्घाटनाची तारीख ठरली होती, वरून दोन फोन आले होते आणि त्याची बढती जवळ आली होती. त्याने चष्मा पुसला. अशी माणसे चष्मा फार पुसतात. मग तो म्हणाला, "मगदूम, तुमचं म्हणणं कागदावर नोंदवा. पण काम अडवू नका." मगदूमांनी त्याच्याकडे पाहिले. म्हणाले, "नोंदवतो साहेब. पण मान्य मी लिहिणार न्हाय." त्यांनी खिशातून पेन काढून चार शब्द लिहिले, सही केली, कागद पुढे सरकवला, दोन्ही कोअर पिशवीत घातले आणि निघून गेले. त्या कागदावर पुढे कोणी काय लिहिले, ते पाहायला ते थांबले नाहीत. उद्घाटनाला त्या अधिकाऱ्याला फेटा बांधला, श्रीफळ दिले. फेटा त्याला चांगला दिसत होता, असे लोक म्हणाले. मगदूम त्या दिवशी प्रयोगशाळेत वाळू चाळत होते.

खोतांचा मजकूर मी चार वेळा का वाचला, ते आता कळेल. गेल्या हिवाळ्यात त्या पुलाच्या तिसऱ्या खांबाचा पाटीएवढा ढलपा ओढ्यात पडला. आत सळी सालपटासारखी सुटलेली दिसते. एस.टी. आणि ट्रक बंद केले आहेत, खांबाला पोलादी पट्ट्यांचे पलिस्तर घातले आहे. चौकशी होणार, असे ऐकतो. त्या वर्षांच्या फायली आमच्या कचेरीच्या तळमजल्यावर होत्या; महापुराचे पाणी तिथे आले आणि त्या लगद्यात गेल्या. हे खोतांना ठाऊक आहे. मगदूम गेले, फायली गेल्या; मग "स्वतः सही करून तो खांब मान्य केला" हे वाक्य लिहायला अडचण कसली? वाचणाऱ्याला तो गौरव वाटतो. प्रत्यक्षात तो बोलू न शकणाऱ्या माणसाच्या खांद्यावर ठेवलेला खांब आहे.

हा केवळ माझा तर्क नाही. मजकूर छापून आला त्याच आठवड्यात महांतेश मला गाडीत घालून पुलावर घेऊन गेला. अडथळ्याच्या पिंपांपाशी एकजण मोटारसायकल वळवत होता, मागे भाताचे पोते. "लांबनं जावा पावणं," तो आम्हाला म्हणाला, "पूल आजारी हाय." मी विचारले, कोणी बांधला होता हो? तो म्हणाला, "बांधला कुणी का असंना. पास केला त्यो मगदूम साहेब. आलंय की पेपरात. मऊ मनाचा हुता म्हणं… मऊ मनानं आमची वाट घालवली बगा." महांतेश बँकेत नोकरी करतो, मितभाषी आहे. त्याने गाडी वळवली.

आता गच्चीविषयी. बैठकीतून पिशवीत घालून नेलेले दोन्ही कोअर मगदूमांनी आपल्या गच्चीच्या कठड्यावर, ऊन-पावसात मांडून ठेवले. पहिल्याच खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावले. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. त्यांच्या देव्हाऱ्यात छिन्नी, हातोडा आणि इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली होती, तिघांना विभूती लावलेली. बाटलीत आपण शाळेत पाहिलेले फिनॉल्फ्थॅलीन होते. पूजा झाल्यावर आम्ही वर गेलो. मगदूमांनी प्रत्येक कोअरची एक जाड चकती छिन्नीने उडवली, ताज्या तोंडावर फवारा मारला, आणि दोन्ही चकत्या क्षणात गर्द गुलाबी झाल्या. जिथे क्षार जिवंत, तिथे गुलाबी. जिथे मेला, तिथे काँक्रीटचा आपला करडा रंग. त्यांनी करड्या कडेवर पट्टी लावली, उघडे पडलेले तोंड मेणाने पुन्हा बंद केले आणि एक लांबट वही माझ्या हातात दिली. मध्ये दोरा घातलेले पान उघडे होते.

"तुम्ही लिहा साहेब. मी मोजतो."

मी लिहिले. मग म्हणाले, "खाली सही करा. एकट्याच्या मोजणीला अर्थ न्हाय. साक्षीदार पायजे."

त्यानंतर दरवर्षी. निवृत्तीनंतरही मला "साहेब" म्हणणे त्यांनी सोडले नाही. खंडेनवमी आली की त्यांचा फोन यायचा आणि मी जायचो. माझी पत्नी एकदा म्हणाली, "एवढं काय असतं हो तिथं?" मी म्हणालो, "वहिनी शिरा चांगला करतात." दुसऱ्या खांबाच्या चकतीची करडी कडा वर्षानुवर्षे सुतासारखी राहिली. तिसऱ्याची कडा आत सरकत गेली. गुलाबी वर्तुळ आधी पुरीएवढे होते, मग वाटीच्या तळाएवढे, मग रुपयाएवढे, मग वहिनींच्या कुंकवाएवढे. मगदूम आकडा सांगायचे, मी लिहायचो, सही करायचो. ज्या बैठकीतून ते कोअर आले, तिचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही. त्या कागदाचे पुढे काय झाले, हेही कधी विचारले नाही. मला वाटायचे, आज विचारतील… शिरा यायचा, चहा यायचा, पावसाच्या गप्पा व्हायच्या, मी घरी यायचो.

गेल्या खंडेनवमीला ते जिना धरत धरत वर आले. दम लागत होता. चकती महांतेशने उडवली, फवारा त्यांनी मारला. दुसरी चकती गुलाबी झाली, नवीन साडीसारखी. तिसरीवर पाणी ओघळले, आणि काहीच झाले नाही. त्यांनी पुन्हा फवारा मारला. कठड्याला टेकून म्हणाले, "संपलं साहेब. आता आत सळीपाशी कोणबी न्हाय." मी वहीत लिहिले. शून्य खोडून पुन्हा लिहिले, ते त्यांनी पाहिले असावे, कारण वही मिटताना माझ्या हातावर आपला हात ठेवून ते म्हणाले, "असू दे. वेळ लागतोय, पण दिसतंय." दोन महिन्यांनी पुलाचा ढलपा पडला. त्याची बातमी त्यांना कोणी सांगितली नाही.

गेल्या रविवारी महांतेश माझ्याकडे आला. हातात कापडी पिशवी होती. त्याने तिसऱ्या कोअरचा उरलेला, वीतभरही नसलेला तुकडा काढला, फवाऱ्याची बाटली काढली, आणि ती लांबट वही. सगळे माझ्या टेबलावर ठेवले. मी सवयीने दोरा धरून मधले पान उघडू लागलो. त्याने माझा हात थांबवला.

"काका, मधनं नको. पहिलं पान बघा."

वीस वर्षांत मी त्या वहीचे पहिले पान उघडले नव्हते. मगदूमांनी वही नेहमी दोऱ्यावर उघडूनच माझ्या हातात दिली होती. पहिल्या पानावर त्या बैठकीच्या कागदाची, नंतर प्रयोगशाळेकडे आलेली कार्बन प्रत डकवलेली होती. खात्याची मूळ प्रत पुरात गेली; ही हुपरीच्या माणसाने जपली. त्याने ती कोणाला दाखवली नाही, तिचा आधार घेऊन कोणाला धमकावले नाही, शेवटपर्यंत तिचे नाव काढले नाही. महांतेश माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "खोतांना उत्तर द्यायला पायजे. मी देऊ, का तुम्ही देताय?"

मी म्हणालो, मी देतो. म्हणून हा लेख. कोअरचा तो करडा तुकडा आता माझ्या खिडकीच्या कठड्यावर आहे, शेजारी बाटली. येत्या खंडेनवमीला बाटलीला विभूती लावीन; मोजायला काही उरलेले नाही, पण सवय सुटणार नाही. बाबासाहेब खोत, प्राध्यापक महाशय, पुलापाशी मोटारसायकल वळवणारे भातवाले गृहस्थ, आणि चौकशीला जे कोणी बसणार असतील ते, सर्वांनी तो कागद माझ्या घरी येऊन पाहावा. वरती मगदूमांच्या अक्षरात लिहिले आहे : "खांब क्रमांक तीन अमान्य." खाली त्यांची सही. तिच्याखाली दुसऱ्या हाताने : "पृष्ठभागाची दुरुस्ती करून मान्य." त्याखाली त्या चष्मा पुसणाऱ्या अधिकाऱ्याची सही, आणि तीच सही त्याच वहीच्या पुढच्या प्रत्येक पानावर, दरवर्षीच्या मोजणीखाली, साक्षीदार म्हणून. ती सही माझी आहे.